गच्चीवरचं ऊन कशासाठी?

सोलर हीटर बसवायचा की सौर वीज घ्यायची, हा विषय गिरगाव-दादरकडच्या सोसायटीच्या सभेत निघाला की चर्चा किमतीपासून सुरू होते. खरं तर ती गच्चीपासून सुरू व्हायला हवी. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, गच्ची मात्र एकच आणि तीही सगळ्यांची. पागडीची चाळ असेल तर आधी घरमालकाची लेखी परवानगी, मग बाकीचं.

पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.३ युनिट वीज लागते. म्हणजे चौघांच्या घराला रोज सव्वा युनिट. मुंबईत कढत पाणी वर्षातून किती महिने लागतं, हे ज्याचं त्याने मोजावं. नाशिक-पुण्याच्या थंडीचा हिशेब इथे लावण्यात अर्थ नाही. हीटरला शंभर लिटरमागे सुमारे दोन चौरस मीटर जागा लागते, त्याच्यापेक्षा उंचावर गार पाण्याची टाकी लागते आणि प्रत्येक न्हाणीघरापर्यंत वेगळी नळी न्यावी लागते.

खरी गोम त्या नळीतच आहे. एक इंची, वीस मीटर लांब नळीत जवळजवळ दहा लिटर पाणी असतं. तळमजल्यावरच्या आजींनी सकाळी नळ सोडला की आधी हे रात्रभर गार झालेलं पाणी वाहून जाणार. नळाला ठरावीक तासच पाणी येतं, तिथे हे कसं परवडावं? नळ्यांवर वेष्टण आणि पाणी फिरतं ठेवणारा पंप बसवला तर फरक पडतो, पण खर्चही वाढतो. वसतिगृहासाठी किंवा अगदी वरच्या मजल्यासाठी सोलर हीटर उत्तम. सोळा बिऱ्हाडांसाठी मी तो सुचवणार नाही.

त्यापेक्षा पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सौर विजेवर चालवावेत. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी. नेट मीटरिंग घेतलं तर जास्तीची वीज बेस्टच्या जाळ्यात जाते आणि बिलात वजा होते. मात्र बॅटरी नसेल तर दिवे गेल्यावर पॅनलही बंद पडतात. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ही सोय मुद्दामच केलेली असते. विक्रेता हे सांगेलच असं नाही, आपण विचारावं.

परळ-लालबागला अडचण टॉवरची. बावीस डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीसेक अंशच वर असतो. दक्षिणेला शंभर मीटरचा टॉवर असेल तर त्याची सावली उत्तरेकडे नव्वद मीटर लांब पडते. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा हीच गच्ची उन्हाने भरलेली दिसते. म्हणून गच्चीची पाहणी डिसेंबरातच करावी. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्या रांगेतल्या इतरांची वीज घटू शकते. कबुतरांच्या विष्ठेनेही तेच होतं, तेव्हा पॅनल धुणार कोण, हे आधीच ठरवा.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान ठरलं. म्हणजे दहा किलोवॉटला १ लाख ८० हजार. अर्जाआधी चालू नियम पाहून घ्यावेत. आणि इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: पॅनल उतरवून नेता येतात, भिंतीत बुजवलेल्या नळ्या नाही.