एका वहीवर चालणारी रात्र

झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम धानावर ठरतो. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून होते. भाऊबीजेपासून साकोली, लाखनी, लाखांदूर या पट्ट्यातल्या गावांत मंडई भरू लागते आणि मंडईच्या रात्री गावात नाटक लागते. भारी धान निघाले, पुंजणे चुरून झाले, हातात पैसा खेळू लागला की हंगाम भरात येतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतली ही रंगभूमी सरकारी अनुदानाची वाट पाहत बसत नाही. तिकीट काढून येणारा प्रेक्षकच तिला पोसतो.

मंडईच्या दिवशी बाहेरगावी दिलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात. दुपारी दुकाने आणि दंडार, कुठे खडीगंमत ही लोकनाट्ये, रात्री नाटक. पुढे थंडी सरताना शंकरपट भरतो, तेव्हाही दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक अशीच जोडी असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांनाही ती झळ बसली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

नाटक ठरते ते बहुधा वडशात. कागदोपत्री देसाईगंज असलेले हे गाव वैनगंगेच्या काठी, गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. साकोलीहून लाखांदूरमार्गे तिथे रस्ता जातो. नाट्यसंस्थांची कार्यालये इथे एका ओळीत थाटलेली असतात. गावातल्या मंडळाचे चारदोन जण तिथे जातात, पोस्टरे पाहतात, यंदाचे नवे नाटक कोणते, नायिका कोण, विनोदी नट कोण, लावणीला कोण, याची चौकशी करतात, भाव ठरवतात आणि तारीख बांधून परततात. संस्थेला ठरलेली रक्कम द्यायची, तिकीटविक्री मंडळाने करायची. उरलेला पैसा मंदिराच्या किंवा शाळेच्या कामाला लावण्याची चाल अनेक गावांत आहे. पाऊस आला किंवा गर्दी झाली नाही, तर तोटा मंडळाचा. म्हणून मंडळ जपून निवडते आणि दर हंगामात नवे नाटक मागते. गेल्या वर्षी पाहिलेले नाटक पुन्हा पाहायला प्रेक्षक तिकीट काढत नाही. झाडीपट्टीतल्या नाटककारांची लेखणी इतकी धावती राहिली, ती या मागणीमुळे.

नाटकाची जागा असते कापणी झालेली बांधी, म्हणजे धानाचे शेत. कितीतरी गावांत प्रेक्षकांच्या बसण्याची जागा खोदून उतरती करतात आणि निघालेली माती मंचाच्या भरावाला वापरतात. मागे बसलेल्यालाही मंच दिसतो आणि भोवती कनात लावली की थंडीचा वाराही अडतो. संस्थेचा ट्रक दुपारी येतो. रंगवलेले पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक उतरतात आणि संध्याकाळपर्यंत राजवाडा, झोपडी, रस्ता असे पडदे एकामागे एक टांगून तयार होतात. प्रेक्षक खाली पोते, सतरंजी, चादर घेऊन बसतात. पुढच्या खुर्च्यांचे तिकीट महाग.

हंगामात कलावंत रोज वेगळ्या गावी असतो. बाहेरून नाइटवर बोलावलेले नट-नट्या तर कधी प्रयोगाच्या दिवशीच येऊन पोहोचतात. दीर्घ तालमी करायला वेळ कुणालाच नसतो. संहिता थोडे आधी हाती पडते, प्रवेश समजावून सांगितले जातात आणि रंगभूषा सुरू होते. अशा वेळी रात्र तोलून धरतो तो प्रॉम्प्टर. मंचाच्या पुढ्यात, वादकांच्या शेजारी, वहीवर दिवा घेऊन तो बसतो. समासात पात्रांची नावे, मध्ये संवाद, गाण्याच्या जागी खूण, पडद्याच्या जागी खूण. नट अडला की पूर्ण वाक्य देण्याची गरज नसते. पहिला शब्द नेमक्या श्वासावर पोहोचला पाहिजे. लवकर दिला तर नटाचा थांबा मोडतो आणि उशिरा दिला तर हजारोंच्या समोर नट उघडा पडतो. विनोदी नट वहीबाहेर गेला, गावातल्या ताज्या घटनेवर बोलू लागला, की प्रॉम्प्टर पानावर बोट ठेवून थांबतो आणि तो परत येताच पुढचा शब्द पुरवतो. कोणता नट कुठे चुकतो, कोणाला आवाज देऊन सांगावे लागते आणि कोणाला नुसते ओठ हलवून, हे त्याला पाठ असते. पोस्टरवर मात्र त्याचे नाव शोधावे लागते. हा अन्याय आहे.

शेजारचे वादकही त्याच वहीच्या लयीत असतात. पूर्वी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आणि तबला एवढ्यावर रात्र निघत असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. संगीत नाटकाची परंपरा इथे अजून प्रेक्षकांच्या कानात आहे. नायिकेने गाणे गायले नाही तर नाटक अपुरे वाटते. पदाचा शेवट संवादात मिसळायचा, रडण्याच्या प्रवेशाखाली सूर धरून ठेवायचा, खलनायक शिरताना ठेका द्यायचा आणि पडदा अडकला तर वेळ भरून काढायची, हे सगळे वादकांना आयत्या वेळी जमवावे लागते. लिहिलेली स्वरलिपी समोर नसते. नटाच्या चेहऱ्याकडे पाहूनच वाजवायचे.

नाटक रात्री दहाच्या पुढे उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. ही लांबी उगाच आलेली नाही. नागझिरा-नवेगावच्या जंगलातून बैलबंडीने आलेल्या माणसाला मध्यरात्री परतणे धोक्याचे होते. उजाडेपर्यंत त्याला बसवून ठेवायचे, म्हणून दोन प्रवेशांच्या मध्ये लावणी आली, विनोदाचे प्रवेश वाढले, गाण्यांना वन्समोर मिळू लागले. आज दारात मोटारसायकल आहे, तरी रात्रभराचे नाटक टिकून आहे.

नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात. विनोदी पात्रे मात्र झाडीबोलीत, आणि सर्वांत मोठा हशा त्यांनाच मिळतो. या बोलीची आणि दंडार-खडीगंमतीची शास्त्रशुद्ध नोंद करण्याचे मोठे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केले. झाडीबोलीच्या चळवळीचे ते प्रणेते मानले जातात. या रंगभूमीवर हयात घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, तृषांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' चित्रपटाने हे जग उर्वरित महाराष्ट्राला दाखवले.

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, हंगाम बुडाला. कलावंत, पडदेवाले, ध्वनिक्षेपकवाले, चहा-भजीचे ठेलेवाले, सगळ्यांचीच वर्षाची कमाई गेली. रंगभूमी पुन्हा उभी राहिली, पण त्यानंतर लावणी आणि नाचाच्या कार्यक्रमांची ओढ वाढली आहे. गर्दी हमखास आणि खर्च आटोपशीर, म्हणून काही मंडळे नाटकाऐवजी तेच बांधतात. नाचाला हरकत नाही. झाडीपट्टीच्या रात्रीत तो पूर्वीपासून आहे. परंतु हुंडा, दारू, कर्ज, जमिनीची वाटणी, बहिणीचा हिस्सा या गोष्टी गावासमोर तासन् तास मांडणारे दुसरे साधन साकोलीच्या परिसरात आज तरी नाही.

त्याहून मोठी हानी आवाज न करता होते आहे. हंगाम संपला की जुने नाटक मागे पडते आणि वही संस्थेच्या पेटीत जाते. तिथे वाळवी लागते, पाने सुटतात, नाटककार गेला की घरच्यांना तिचा पत्ता नसतो. छापली गेलेली झाडीपट्टीची नाटके रंगमंचावर आलेल्या नाटकांच्या मानाने फार थोडी. गावोगावच्या मंडळांनी एवढे करावे: नाटक बांधताना पोस्टरच्या आधी वही मागून वाचावी आणि प्रयोग झाल्यावर नाटककार व संस्था यांच्या संमतीने तिची एक प्रत गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. प्रतीच्या पहिल्या पानावर नाटककाराबरोबर वादकांची आणि प्रॉम्प्टरची नावेही लिहावीत.