टायरवरील आकडे आणि मातीचे आरोग्य

ट्रॅक्टरचे मागील टायर बदलणे हा शेतकऱ्यासाठी मोठा खर्च असतो. तरीही टायरची निवड बहुधा किंमत, नक्षीची खोली आणि विक्रेत्याचा सल्ला यांवर होते. टायरच्या बाजूवर उमटवलेली आकड्यांची ओळ क्वचितच वाचली जाते. टायर कोणत्या रिमवर बसेल आणि किती भार पेलेल, हे ती ओळ सांगते. ट्रॅक्टरचे वजन मातीत कसे उतरेल, हेही पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

या आकड्यांची ओळख कारच्या टायरवरून करून घेणे सोपे जाते. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या ओळीत १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दर्शविते, तर १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. ८८ हा भारांक आहे. त्याचा अर्थ प्रत्येक टायर ५६० किलोग्रॅमपर्यंत भार पेलू शकतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा.

ट्रॅक्टरच्या टायरवर आपल्याकडे अजूनही जुनी इंच-पद्धत अधिक आढळते. ‘१३.६-२८ १२ पीआर’ यात १३.६ ही इंचांतील रुंदी आणि २८ हा रिमचा व्यास. मधली आडवी रेघ टायरची बांधणी तिरप्या थरांची असल्याचे सांगते. तेथे ‘आर’ असल्यास टायर रेडियल समजावा. याच मापाच्या रेडियल टायरवर मेट्रिक पद्धतीने ‘३४०/८५ आर २८’ असे लिहिलेले असते. ‘१२ पीआर’ याचा अर्थ टायरमध्ये प्रत्यक्ष बारा थर आहेत असा नव्हे; तो केवळ मजबुतीचा निर्देशांक आहे. अधिक पीआरचा टायर अधिक हवा सहन करतो आणि त्या हवेच्या बळावर अधिक भार पेलतो. शेतात कमी हवेवर चालविताना मात्र केवळ वाढीव पीआरमुळे भारक्षमता वाढत नाही. म्हणून जड ट्रॉलीची वाहतूक नसेल, तर पीआरसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा.

रिमवरही माप कोरलेले असते. ‘डब्ल्यू १२ × २८’ यातील ‘डब्ल्यू’ रिमची घडण, १२ ही दोन्ही कडांमधील आतील रुंदी आणि २८ हा टायर बसण्याच्या जागेचा व्यास दर्शविते. १३.६-२८ टायरसाठी हीच रिम योग्य मानली जाते, तर १४.९-२८ साठी डब्ल्यू १३ रुंदीची रिम सुचविली जाते. व्यास जुळला म्हणजे टायर जुळला, हा समज येथेच फसवा ठरतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याचा मधला भाग फुगतो. भार मध्यावर येतो, तेथील झीज वाढते आणि कडेच्या पट्ट्यांची पकड कमी होते. रुंद रिमवर अरुंद टायर ताणला गेल्यास कडा आधी झिजतात. चिरलेल्या रिमवर टायर चढलेला असताना कधीही वेल्डिंग करू नये. उष्णतेमुळे टायरमधील दाब वाढून किंवा आतील वायू पेटून टायरचा स्फोट होऊ शकतो; टायरमधील हवा सोडली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही.

नक्षीसाठीही संकेत ठरलेले आहेत. आर-१ ही कोरडवाहू व सामान्य शेतीकामाची नक्षी. आर-२ ची खोली तिच्या सुमारे दुप्पट असते आणि ती भाताच्या चिखलणीसाठी उपयोगी पडते. पुढील चाकांच्या लांब धारांच्या नक्षीला एफ-२ म्हणतात. ट्रॅक्टरमागे उभे राहून पाहिल्यास मागील टायरच्या तिरप्या पट्ट्यांची टोके वरच्या दिशेने जुळलेली दिसली पाहिजेत. पिकाच्या ओळींसाठी चाकांमधील अंतर बदलताना रिम उलटी बसविली, तर चाकांची डावी-उजवी बाजूही बदलावी. अन्यथा नक्षी उलट फिरते आणि पकड घटते.

या साऱ्याचा मातीशी थेट संबंध आहे. वरच्या थरावर पडणारा दाब मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबानुसार ठरतो. खोल थरात मात्र धुरीवरील एकूण वजनाचा प्रभाव अधिक असतो. म्हणूनच अति हवा भरलेला टायर पृष्ठभाग घट्ट करतो, तर गरजेपेक्षा अधिक वजन लादलेला ट्रॅक्टर नांगराच्या फाळाखालील थर आवळतो. स्प्रिंगटेलसारखे सूक्ष्म कीटक स्वतः बिळे खणू शकत नाहीत. ते मातीतील पोकळ्यांतच राहतात. गांडुळांना आणि किडींच्या अळ्या-कोषांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांनाही भुसभुशीत माती लागते. पोकळ्या मिटल्या की या मित्रजीवांचा निवारा हरवतो, पाणी मुरत नाही आणि मुळे आडवी पसरतात. काळ्या जमिनीत वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातल्यास ही हानी सर्वाधिक होते. त्यातही चाकाच्या पहिल्या फेरीत माती सर्वाधिक दबते. म्हणून पुढील फेऱ्या शक्यतो त्याच चाकोरीतून घ्याव्यात.

वजन योग्य आहे की नाही, हे खडू आणि मोजपट्टीने तपासता येते. मागील टायरवर खडूने खूण करावी. अवजार जमिनीत असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे. मग अवजार उचलून त्याच जमिनीवर पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. भाराविना ४० मीटर आणि भारासह ३५ मीटर अंतर भरल्यास घसरण १२.५ टक्के होय. नांगरणीसारख्या कामात १० ते १५ टक्के घसरण योग्य समजली जाते. त्याहून अधिक घसरण इंधन आणि टायर दोन्हींची नासाडी करते. फारच कमी घसरण म्हणजे बहुधा वजन गरजेपेक्षा जास्त. अशा वेळी लोखंडी वजने किंवा टायरमधील पाणी कमी करावे.

चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित पुढे धावतील असे गुणोत्तर उत्पादकाने ठरविलेले असते. केवळ मागचे टायर वेगळ्या मापाचे बसविल्यास ते बिघडते आणि गतिवाहक भागांवर ताण येतो. त्यामुळे माप बदलण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

नवा टायर घेताना रिमचे माप, पीआर, नक्षीचा संकेत आणि उत्पादनाचा काळ या चार गोष्टी वाचाव्यात. चार अंकी उत्पादन-क्रमांकातील पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३६२३ म्हणजे २०२३ चा ३६वा आठवडा. टायर बसविल्यानंतर शेतातील कामासाठी आणि रस्त्यावरील वाहतुकीसाठी हवेचा वेगवेगळा दाब पुस्तिकेतील तक्त्यानुसार ठेवावा. विस्तार कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्व मेळाव्यात हवादाब मोजणी आणि घसरण चाचणीचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्याला एक ट्रॅक्टर, दाबमापक, खडू आणि मोजपट्टी एवढेच साहित्य पुरते.