चिनी औषधींवरील संस्कार व त्यांचें शरीरांत शोषण

दोन वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंनीं बाजाराच्या दिवशीं एका फिरत्या विक्रेत्याकडून गुडघेदुखीवर म्हणून बचनागाचा कंद घेतला. ‘चीन देशांत लोक याचाच काढा पितात,’ असें त्यानें सांगितलें होतें. बंधूंनीं तो उगाळून चाटला. घटकाभरांत जीभ बधिर झाली, हातापायांस मुंग्या आल्या, नाडी अडखळूं लागली. दोन रात्री रुग्णालयांत काढून ते सुखरूप परत आले, ही ईश्वराची कृपा. विक्रेत्याचें बोलणें सर्वस्वीं खोटें नव्हतें, पण अर्धें होतें. चिनी लोक बचनागाच्या जातीचा कंद घेतात खरे, परंतु कच्चा घेत नाहींत. राहिलेलें अर्धें शेतकरी बंधूंस कळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

औषधी शिजविणें, वाफविणें, भाजणें, अथवा शिरका, मद्य, मध वा चरबी घालून परतणें, या सर्व क्रियांस चीनमध्यें ‘पाओझी’ म्हणतात. ही कल्पना आपणांस परकी नाहीं. सुरणानें घसा खाजतो म्हणून आपल्या घरीं तो चिंच किंवा आमसूल घालून शिजवितात. त्याच कुळांतील ‘बानशिया’ नांवाचा कंद चिनी वैद्य आलें व तुरटी घालून शिजवितात आणि मगच पोटांत देतात.

आतां औषध पोटांत गेलें म्हणजे तें अंगीं लागलें असें नव्हे. शेतांत खत टाकलें, पण तें पाण्यांत विरघळून मुळांपर्यंत पोंचलें नाहीं, तर पिकास त्याचा उपयोग काय? औषधाचेंही तसेंच आहे. तें प्रथम आंतड्यांतील रसांत विरघळलें पाहिजे. मग आंतड्याचें स्निग्ध अस्तर ओलांडलें पाहिजे. आणि शेवटीं यकृतांतून शिल्लक राहून रक्तांत मिसळलें पाहिजे. संस्कारानें यांपैकीं कोणत्या ना कोणत्या पायरीवर फरक पडतो.

‘यानहूसुओ’ हा वेदनाशामक कंद पाहा. त्यांतील गुणकारी द्रव्यें क्षारधर्मी असून साध्या पाण्यांत फारशीं विरघळत नाहींत. म्हणून १०० भाग कंदास सुमारें २० भाग शिरका लावून तो परततात किंवा शिजवितात. शिरक्यांतील आम्लाशीं संयोग होऊन त्या द्रव्यांचे लवण बनतात व ते काढ्यांत अधिक उतरतात.

‘यिनयांगहुओ’च्या पानांची अडचण निराळी. त्यांतील द्रव्यांच्या कणांस शर्करेचे भाग जोडलेले असल्यानें ते मोठे होतात व आंतड्याचें अस्तर सहज ओलांडीत नाहींत. १०० भाग पानें २० भाग वितळविलेल्या मेंढीच्या चरबींत परतलीं असतां उष्णतेनें शर्करेचे कांहीं भाग गळून पडतात व कण लहान होतात. चरबी व पित्त मिळून जे सूक्ष्म थेंब बनतात, त्यांच्या योगेंही शोषणास साह्य होतें, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे.

परंतु शोषण वाढविणें हाच नेहमीं हेतु नसतो. रेवाचिनींतील रेचक द्रव्यें वरच्या आंतड्यांत शोषिलीं जात नाहींत, म्हणूनच तीं मोठ्या आंतड्यापर्यंत पोंचतात. तेथील जंतु त्यांचें विघटन करितात व मग जुलाब होतो. मद्य घालून पुष्कळ वेळ वाफविल्यास हीं द्रव्यें आधींच मोडतात आणि रेचकपणा उतरतो. कच्ची रेवाचिनी जुलाबासाठीं व वाफविलेली इतर कामांसाठीं, असा भेद त्यावरून पडला.

आतां बचनागाकडे वळूं. चीनमध्यें सिचुआन प्रांतांतील च्यांगयोउ येथें त्याच्या जातीचा ‘फूझी’ पिकवितात. त्यांतील विष आंतड्यांतून त्वरित शोषिलें जातें. त्याचे अवघे कांहीं मिलिग्राम प्राण घेऊं शकतात आणि त्यावर नेमका उतारा नाहीं. म्हणून कंद खाऱ्या पाण्यांत भिजवून, उकळून, चकत्या करून धुतात व वाफवितात. उष्णतेनें व पाण्यानें विषाचा कण दोन टप्प्यांनीं मोडतो आणि पुष्कळ पटींनीं सौम्य होतो. आपले वैद्यही बचनाग गोमूत्रांत किंवा दुधांत शुद्ध करितात, तें याच हेतूनें. मात्र संस्कार अपुरा राहिल्यास काय होतें, हें हाँगकाँगच्या रुग्णालयांनीं १९८९ नंतरच्या वर्षांत पाहिलें आहे. तेथें अशा काढ्यांनीं विषबाधा झालेले रोगी आले व कांहीं दगावले.

याउलट, अग्नि सर्वत्र हितकारकच असेंही नाहीं. ‘चिंगहाओ’ ही वनस्पति उकळली असतां तिचा हिवतापनाशक गुण नष्ट होतो. चौथ्या शतकांतील एका ग्रंथांत ती पाण्यांत भिजवून पिळून घेण्यास सांगितलें होतें. त्यावरून सुचून तू यूयू यांनीं १९७१ सालीं कमी उष्णतेनें तिचा अर्क काढला. त्या कार्याबद्दल त्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तात्पर्य, वनस्पतीचें नांव एक असलें तरी कच्ची व संस्कारित हीं दोन औषधें समजावीं. जे बंधु औषधी वनस्पतींची लागवड करितात, त्यांनीं कच्चा व संस्कारित माल कधींही एकत्र करूं नये आणि पोत्यावर तसें स्पष्ट लिहावें. बचनागासारख्या विषारी कंदाचें शोधन घरच्या चुलीवर करूं नये. किती वेळ उकळलें म्हणजे विष गेलें, हें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि बाजारांतील कोणी मूळ पुढें करील, तर त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘यावर कोणता संस्कार झाला आहे, आणि तो कोणी केला?’ उत्तर न मिळाल्यास तें मूळ तेथेंच ठेवून घरचा रस्ता धरावा.