पाहुणी मनिलाची, पंगत पणदऱ्याची

परदेशातून कुणी कलीग आली की आपला प्लॅन ठरलेला असतो. शनिवारवाडा, सिंहगड, लक्ष्मी रोडवर शॉपिंग आणि रात्री एखादं हाय-फाय रेस्टॉरंट. बिल अर्थात कंपनीचं! माझ्या रूममेटच्या ऑफिसात ट्रेनिंगला आलेली मनिलाची मुलगी मात्र या सगळ्याला कंटाळली होती. "तुमच्याकडे फिएस्टा नसतो का?" तिनं विचारलं. म्हटलं, असतो ना, पण आमचा फिएस्टा चालत जातो!

देहू-आळंदीच्या पालख्या सगळ्यांना ठाऊक असतात. पण सासवडहून ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानकाका यांचीही पालखी निघते. निंबुत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे असे मुक्काम करत ती बारामतीला येते. याच वाटेवर पणदरे लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इथं १८८५ पासून आहे, त्यामुळे जिकडेतिकडे ऊस. आणि पालखीच्या दिवशी रस्त्याकडेला पंगतीच पंगती!

दार उघडंच!

चालता चालता मैत्रिणीनं तिच्या गावचं सांगितलं. फिलिपाइन्समध्ये प्रत्येक गावाचा एक संत, त्याचा एक दिवस. तीनशेहून जास्त वर्षांच्या स्पॅनिश राजवटीतून आलेली ही प्रथा. त्या दिवशी दारं उघडी. मित्राच्या मित्राचा मित्र आला तरी त्यानं बसायचं, जेवायचं. 'काइन तायो', म्हणजे 'चला, जेवू या', अशी हाक अनोळखी माणसालाही! निघताना वाटेसाठी बांधून देतात, ते 'पाबाओन'.

"अगं, ही तर शिदोरी!" मी ओरडलेच.

कोण कुणाच्या पाया पडणार?

पणदऱ्यात एका मावशींनी आम्हाला हाताला धरून पंगतीत बसवलं. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर गुळाची लापशी. कोण, कुठल्या, कोणत्या दिंडीतल्या, कसलीही चौकशी नाही. जेवण झालं आणि सत्तरीच्या मावशी चक्क माझ्या मैत्रिणीच्या पाया पडल्या.

ती दचकून मागेच सरकली. तिच्याकडे धाकट्यानं वाकून मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा असतो, त्याला 'मानो' म्हणतात. इथे सगळंच उलटं! गोंधळून तिनं पर्समधून पाचशेची नोट काढली. मावशींनी नोटेसकट तिची मूठ मिटवली.

"वारकऱ्याकडनं पैसं घेत्यात व्हय, पोरी? तुझ्या रूपानं माऊली जेवली. उपकार तर तूच केलंस माझ्यावर."

मी हे इंग्रजीत सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिनं मावशींचा हात धरून कपाळाला लावला. मावशी खुदकन हसल्या, "ही तुमची रीत व्हय? बरीय की!"

दोन वर्षं पंगत बसली नाही

हे सगळं किती खरं, ते मावशींच्या पुढच्या बोलण्यात कळलं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, मानाच्या पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या. "भाकऱ्या थापायला पहाटं तीनला उठायची सवय. त्या दिवशीबी जाग आली. पर खाणारं कुणीच न्हाई. घर खायला उठलं बघा."

आपण हॉटेलात जेवलो की बिलाचे रुपया-रुपयाचे हिशोब करतो. कुणी एकदा ट्रीट दिली की पुढची आपली, हे डोक्यात पक्कं. पणदऱ्यात हा हिशोब चालत नाही. इथे पाहुणा घेणारा नसून देणारा आहे आणि तो आलाच नाही तर नुकसान यजमानाचं होतं. मैत्रीण म्हणाली, तिच्या आजीलाही फिएस्टाला रिकामी खुर्ची दिसलेली खपत नाही.

जायचंय?

मुक्कामांच्या तारखा दरवर्षी आधी जाहीर होतात. पुण्याहून बारामतीला भरपूर एसटी आहेत. तारीख जुळली नाही, तर तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. काटेवाडीचं मेंढ्यांचं आणि बेलवाडीचं घोड्याचं रिंगण बघण्यासारखं! रेनकोट घ्या, जुने बूट घाला. ताटात संपेल तेवढंच घ्या. पैसे पुढे करू नका. त्यापेक्षा पाण्याचा जग उचला आणि पुढच्या पंगतीला वाढायला लागा.