नसलेले पडदे

गेल्या वर्षीं एका सभागृहांत व्याख्यानासाठीं जाण्याचा मला प्रसंग आला. व्यासपीठावर एक मोठा पडदा होता, मागच्या रांगांतील मंडळींसाठीं दुसरा होता, आणि वक्त्याला आपलीं टिपणें दिसावींत म्हणून त्याच्या पुढ्यांत तिसरा लहानसा पडदा होता. तिन्ही एकाच संगणकाला जोडलेले. व्याख्यान ऐन रंगांत आलें असतां कोणाचा तरी पाय मागच्या पडद्याच्या तारेंत अडकला व ती निसटली. एका स्वयंसेवकानें ती लगोलग परत बसविली. परंतु गेलेला पडदा उजळावयाचें दूरच राहिलें, उरलेले दोन्ही पडदेही काळे झाले. संगणक बंद करून पुन्हां चालू होईपर्यंत सभा तशीच बसून राहिली.

घरीं परततांना एकच प्रश्न माझ्या मनांत घोळत होता. हा दोष ज्याला दुरुस्त करावयाचा, त्यानें तो पाहावा तरी कसा? त्याच्यापाशीं तीन पडदे हवेत, तार नेमक्या क्षणीं निसटावयास हवी, आणि हा खेळ एकदां नव्हे, शंभर वेळां करून पाहावयास हवा. या अडचणीवर संगणकाच्या जाणकारांनीं जो उपाय काढला आहे तो मोठा मौजेचा आहे. त्यांनीं मुळांत नसलेले पडदे तयार केले! या पडद्यांविषयीं आज चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम खऱ्या पडद्यावर चित्र कसें येतें तें पाहूं. उदाहरणासाठीं लिनक्स ही कार्यप्रणाली घेऊं, कारण तिचा सारा मजकूर कोणालाही उघडून वाचतां येतो. पडद्याची मांडणी ठरविण्याचें काम तिच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, येण्यास २००९ सालीं आरंभ झाला. चित्र आणि पडदा यांच्यामध्यें तेथें पांच पायऱ्या मानलेल्या आहेत. पहिली फ्रेमबफर, ही संगणकाच्या स्मृतींतील अशी जागा कीं जेथें चित्राचा प्रत्येक ठिपका आंकड्यांच्या रूपानें लिहिलेला असतो. दुसरी प्लेन, म्हणजे थर. तळाशीं मुख्य चित्र, त्यावर एखाद्या चलच्चित्राची चौकट, आणि सर्वांत वर माउसचा बाण. तिसरी पायरी सीआरटीसी. आपण तिला नियंत्रक म्हणूं. हा नियंत्रक सारे थर एकावर एक बसवून त्यांचें एक सबंध चित्र करतो आणि ठरलेल्या वेगानें तें ओळीमागून ओळ पुढें पाठवितो. त्याच्या नांवांतील पहिलीं तीन अक्षरें ‘कॅथोड रे ट्यूब’ या जुन्या काचेच्या नळीचीं आहेत. नळ्या घराघरांतून गेल्या, नांव मात्र मागें राहिलें. चौथी पायरी एन्कोडर; हा चित्राचें तारेंतून जाण्याजोग्या संकेतांत रूपांतर करतो. पांचवी कनेक्टर, म्हणजे जेथें तार खोंचावयाची ती जागा.

पडदा एकच असला तर ही साखळी सरळ असते. परंतु पडदे वाढले कीं साखळीचें जाळें होतें. एकाच नियंत्रकाला दोन कनेक्टर जोडले तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतें. निरनिराळीं चित्रें हवीं असतील तर निरनिराळे नियंत्रकच हवेत. कित्येक जुन्या संगणकांत पडद्यांसाठीं तीन जागा आणि नियंत्रक मात्र दोनच, अशी रचना असे. तेथें तिसरी तार खोंचूनही तिसरें चित्र स्वतंत्रपणें दिसणें शक्य नव्हतें. तेव्हां अनेक पडद्यांची खरी अडचण त्यांच्या संख्येंत नाहीं, त्यांच्या परस्परसंबंधांत आहे: कोणता थर कोणत्या नियंत्रकाला चालतो, कोणता नियंत्रक कोणत्या कनेक्टरपर्यंत पोंचतो, आणि यांतील एक दुवा तुटला असतां बाकीच्यांनीं काय करावें.

आतां नसलेल्या पडद्यांकडे वळूं. २०१८ सालीं लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तींत व्हीकेएमएस नांवाचा एक आभासी ड्रायव्हर दाखल झाला. नवशिक्यांना अशा कामांत आणणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ आणि ‘आउटरीची’ या उपक्रमांतून आलेल्या दोघां शिकाऊंनीं तो उभा केला, हें येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. या ड्रायव्हरच्या पाठीशीं कोणतेंही यंत्र नाहीं. तरी तो वरच्या कार्यक्रमांना सांगतो कीं, माझ्यापाशीं थर आहेत, नियंत्रक आहे, कनेक्टर आहे आणि त्याला पडदाही जोडलेला आहे. आणि ते कार्यक्रम त्यावर विश्वास ठेवून चित्र काढूं लागतात.

हें सोंग वठविण्यास दोन गोष्टी लागतात. पहिली ताल. खरा पडदा बहुधा सेकंदास ६० वेळां चित्र नवें करतो, आणि एक चित्र संपून दुसरें सुरू होण्याच्या मधल्या विरामांतच बदल करावयाचा असतो. हा विराम खोटा यंत्रभाग कोठून देणार? म्हणून व्हीकेएमएस कर्नलमधील सूक्ष्म घड्याळाला गजर लावतो आणि सुमारें १६.६७ मिलिसेकंदांनीं एकेकदां ‘विराम झाला’ अशी वर्दी देतो. दुसरी गोष्ट साक्ष. चित्र कोणाच्या डोळ्यांना दिसणारच नाहीं, तर तें बरोबर निघालें हें ठरवावयाचें कसें? यासाठीं हा ड्रायव्हर सारे थर स्वतः एकत्र करतो आणि त्या चित्रावरून गणितानें एक संख्या काढतो. तिला सीआरसी म्हणतात. ती जणूं चित्राच्या आंगठ्याचा ठसा. दोन चित्रांत एका ठिपक्याचा जरी फरक पडला तरी ठसा बदलतो. परीक्षा घेणारा कार्यक्रम अपेक्षित ठसा आणि मिळालेला ठसा ताडून पाहतो.

आरंभीं व्हीकेएमएसपाशीं एकच नियंत्रक आणि एकच पडदा होता. त्यामुळें सभागृहांत मीं पाहिलेल्या दोषासारखे दोष त्यांत उमटतच नसत. अनेक पडदे आणावयाचे म्हणजे नुसती नक्कल काढून चालत नाहीं. प्रत्येक नियंत्रकाला आपलें घड्याळ द्यावें लागतें. समजा, एक पडदा सेकंदास ६० चित्रांचा व दुसरा ७५ चित्रांचा आहे. दोघांनीं एकदमच आरंभ केला तरी त्यांचे विराम सेकंदांत फक्त १५ वेळां एकत्र येतील. सर्व पडदे एका तालावर चालतात असें गृहीत धरणारा कार्यक्रम येथें ताबडतोब उघडा पडतो.

दुसरें, संबंधांचें जाळें परीक्षकाला हवें तसें विणतां आलें पाहिजे. अलीकडे ही सोय कॉन्फिगएफएस या युक्तीनें झाली आहे. एक फोल्डर तयार केलें कीं एक आभासी यंत्र जन्मास येतें. त्याच्या आंत थर, नियंत्रक, एन्कोडर आणि कनेक्टर यांसाठीं निरनिराळीं फोल्डरें असतात. कोणाला कोणाशीं जोडतां येईल हें एकांतून दुसऱ्याकडे दुवा टाकून सांगावयाचें. मांडणी अपुरी असेल, उदाहरणार्थ एखाद्या नियंत्रकाला मुख्य थरच दिला नसेल, तर यंत्र चालू होण्याचें नाकारतें. कनेक्टरच्या एका फाइलींत १ हा आंकडा लिहिला कीं पडदा जोडला गेला. २ लिहिला कीं तार निसटली! माझ्या सभेंतील तो अडखळलेला पाय आतां एका आंकड्यांत मावला आहे, आणि तो हवा तितके वेळां अडखळवितां येतो.

तिसरी गोष्ट बदलांच्या एकजुटीची. २०१५ पासून लिनक्समध्यें अनेक पडद्यांचे बदल एकाच मागणींत मांडतां येतात. मग एक तर सगळे बदल होतात, नाहीं तर एकही होत नाहीं. शिवाय प्रत्यक्ष बदल न करतां ‘हें जमेल काय?’ एवढेंच विचारण्याचीही सोय आहे. नियम उत्तम आहे. परंतु मागणी नाकारली गेल्यावर काय करावें याचा विचार कार्यक्रमानें केला नसेल तर एका पडद्याच्या चुकीची शिक्षा सर्वांना होते. त्या सभागृहांत असेंच कांहीं घडलें असावें.

या सोंगाची किंमतही ध्यानांत घेतली पाहिजे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचें एक चित्र, ठिपक्यास ४ बाइट धरले तर, सुमारें ८३ लाख बाइटांचें होतें. सेकंदास ६० चित्रें म्हणजे जवळ जवळ ५० कोटी बाइट, आणि चार पडदे म्हणजे २०० कोटी. खऱ्या यंत्रांत हें ओझें त्यासाठींच घडविलेले भाग उचलतात. येथें तें संगणकाच्या मुख्य मेंदूवर पडतें. म्हणून व्हीकेएमएस वेगाच्या शर्यतींत उतरत नाहीं. तारेंतील बिघाड, सैल खोबण, तापलेलें यंत्र, यांविषयीं तो एक अक्षरही सांगूं शकत नाहीं. नाटकाची रंगीत तालीम कितीही चोख झाली तरी पहिल्या प्रयोगाच्या रात्रीं दिवा जाणार नाहीं याची ती हमी देत नाहीं. परंतु तालीम न करतां रंगभूमीवर उतरणाऱ्या मंडळीचें काय होतें, हें आपण सर्व जाणतों.

शेवटीं एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. चार पडदे आणि चार प्रकारचीं यंत्रें विकत घेणें मोठ्या कारखान्याला कठीण नाहीं. पण ज्या विद्यार्थ्यापाशीं एकच जुना लॅपटॉप आहे, त्याला अनेक पडद्यांचे दोष पाहणेंच आजवर अशक्य होतें. मग ते सुधारण्याची गोष्ट कशाला? नसलेल्या पडद्यांनीं ही अडचण दूर केली आहे. आतां त्याच्या खोलींतही तीन पडदे लागतात, विझतात, पुन्हां लागतात. आणि त्याची दुरुस्ती योग्य ठरली तर कोठल्या तरी दूरच्या सभागृहांत तार निसटूनही उरलेले पडदे उजळच राहतील. तेथें जमलेल्या मंडळींना त्या विद्यार्थ्याचें नांवही ठाऊक नसेल. त्यांची सभा मात्र अखंड चालेल.