लठ्ठ शरीर आणि दुखावलेले मन : किशोरवयीन मुलांचा एक दुर्लक्षित प्रश्न



आपल्या आईवडिलांच्या पिढीने भूक पाहिली आहे. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन त्यांनी खडी फोडली. म्हणून अंगाने भरलेले मूल दिसले की आजही आपल्या घरातील म्हातारी माणसे समाधानाने म्हणतात, "खात्यापित्या घरचं दिसतं!" या समाधानामागे मोठे दुःख आहे, हे विसरून चालणार नाही. पण काळ बदलला तसा प्रश्नही बदलला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगातील 5 ते 19 वयोगटातील 39 कोटींहून अधिक मुलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. त्यांपैकी 16 कोटी मुले लठ्ठ होती. भारतात याच वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या 1990 मध्ये सुमारे 4 लाख होती, ती 2022 मध्ये सुमारे सव्वा कोटी झाली. मधुमेह, रक्तदाब या धोक्यांबद्दल आपण ऐकतो. मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

मनावर काय परिणाम होतो?

दहा ते एकोणीस हे वय स्वतःची ओळख घडण्याचे. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो, यावर मुले स्वतःची किंमत ठरवतात. अशा वयात "ढोल्या", "टुनटुन" अशा हाका रोज कानावर पडल्या की मूल कोमेजते. पी. टी.च्या तासाला पोट दुखते म्हणून सांगते, गॅदरिंगमध्ये मागे उभे राहते, लग्नाला यायचे टाळते. पुढे चिडचिड, एकटेपणा, अभ्यासात लक्ष न लागणे, आणि काही मुलांत नैराश्य. मुलींना "हिचं लग्न कसं व्हायचं?" हा टोमणा जास्तीचा.

हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. मोठ्या माणसांवरील अनेक अभ्यासांचा 2010 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले की लठ्ठ व्यक्तींना नैराश्याचा धोका अधिक असतो, तसाच नैराश्य असलेल्यांना लठ्ठपणाचाही. किशोरांतही हा संबंध आढळला आहे. मन खिन्न असले की झोप बिघडते, खेळ सुटतो आणि गोड-तळलेले खाऊन क्षणभर बरे वाटते. त्याने वजन वाढते, वजनाने टोमणे वाढतात. अर्थात प्रत्येक लठ्ठ मूल दुःखी असते असे मुळीच नाही. दुःखाचे मोठे कारण पुष्कळदा वजनापेक्षा त्यावरून होणारी हेटाळणी हे असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी मुलगी दहावीत असताना पाहुण्यांसमोर मी तिच्या ताटाकडे बघून थट्टा केली. सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून ती आमच्या पंगतीत बसेना. दिवसा उपाशी राही आणि रात्री आम्ही झोपल्यावर डबे उघडून खाई. थट्टेने तिचे वजन एक किलोही उतरले नाही, उलट वाढले. बापावरचा विश्वास मात्र उतरला. तो परत मिळवायला मला दोन वर्षे लागली.

तथागतांनी काय केले?

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. द्रोणभर तांदळाचा भात खाऊन तो धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची चेष्टा केली नाही. जो सावधपणे, प्रमाण जाणून खातो त्याच्या वेदना कमी होतात, एवढाच उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. उपदेशात करुणा होती, सुधारणा सावकाश झाली आणि रोज आठवण करून देणारा एक सोबती होता. आजचे डॉक्टरही याहून वेगळे सांगत नाहीत. शरीराला उपाशी मारणे हाही मार्ग नव्हे, हे सिद्धार्थांनी स्वतः अनुभवूनच मध्यम मार्ग स्वीकारला.

आपण काय करावे?

1) मुलाला वजनावरून नाव ठेवू नये आणि कोणाला ठेवूही देऊ नये. एकट्या मुलाला पथ्य लावण्यापेक्षा साऱ्या घराचे जेवण सुधारावे.

2) आपल्या रावेरच्या केळीला दोष देऊ नये. एका मध्यम केळ्यात साधारण 100 कॅलरी असतात, पण त्याच केळीचे तळलेले वेफर्स 100 ग्रॅम खाल्ले तर 500 च्या आसपास. कळण्याची भाकरी, डाळ, भाजी हा आपला आहार उत्तमच आहे. थंड पेये आणि पुड्यांतील खाऊ रोज नसावा.

3) मुलांना रोज किमान एक तास धावपळीचा खेळ हवा. क्लासच्या वेळापत्रकात तो तास राखून ठेवावा. रात्री मोबाईल बाजूला ठेवून पुरेशी झोप घ्यावी.

4) मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर मळ समजून घासू नये. ते इन्सुलिनचे कार्य बिघडल्याचे लक्षण असू शकते. पाळीची अनियमितता, झोपेत जोराचे घोरणे हेही डॉक्टरांना सांगावे.

5) मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, चोरून खाऊ लागले किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर थांबू नये. 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही सल्ला मिळतो. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे नाव आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

मन हे सर्व गोष्टींचे केंद्र आहे, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धांच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून मांडला. विहारात आपण सर्व प्राणिमात्रांसाठी मैत्रीभावना करतो. तिची सुरुवात घरच्या ताटाशी बसलेल्या आपल्याच लेकरापासून व्हावी, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!