भुयारातील संग्रहालय

जर्सी जातीची गाय आपल्या परिचयाची आहे. परंतु तिला ज्या बेटावरून हे नाव मिळाले, त्या जर्सी बेटाची माहिती फार थोड्यांना असते. हे बेट इंग्लिश खाडीत आहे. त्यावर छत्र ब्रिटिश राजसत्तेचे असले, तरी त्याला जवळचा किनारा मात्र फ्रान्सचा, अवघ्या २२ किलोमीटरांवरचा. दुसऱ्या महायुद्धात हे सान्निध्यच बेटाला भोवले.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. या बेटांचे रक्षण करणे शक्य नाही, असे ठरवून ब्रिटिश सरकारने आपले सैन्य तेथून काढून घेतले. सुमारे ६,६०० लोक घाईघाईने जहाजात बसून इंग्लंडला गेले. बहुसंख्य लोक मात्र आपली गुरे व शेते सोडून जाईनात. २८ जून रोजी जर्मन विमानांनी बाँब टाकले. शेजारच्या गर्न्सी बेटावर धक्क्याशी टोमॅटो भरलेल्या मालमोटारी रांगेने उभ्या होत्या. त्या सैन्याच्याच आहेत, असा वैमानिकांचा समज झाला. १ जुलै रोजी जर्सी जर्मनांच्या ताब्यात गेले आणि पुढे जवळजवळ पाच वर्षे ते त्यांच्याच ताब्यात राहिले.

या काळाची हकिकत सांगणारे संग्रहालय सेंट लॉरेन्स या भागात, एका टेकडीच्या पोटात आहे. ते पाहावयास जाणाऱ्याला भर उन्हाळ्यातही आत पाऊल टाकताच गारवा जाणवतो. हे भुयार जर्मनांनीच खोदविले. प्रथम ते सैन्याच्या उपयोगासाठी होते. पुढे त्याचे रुग्णालय करण्याचे ठरले. खोदण्याचे काम युरोपातून आणलेल्या मजुरांकडून करून घेण्यात आले. त्यांत स्पेनमधील निर्वासित होते, तसेच रशिया व युक्रेन येथून पकडून आणलेले लोकही होते. सुरुंग लावून फोडलेला खडक हे अर्धपोटी लोक बाहेर वाहून नेत असत. भुयाराचा एक भाग अपुराच राहिला आहे. गुळगुळीत काँक्रीटच्या भिंती पाहून झाल्यावर तेथील उघडा, ओबडधोबड खडक अवश्य पाहावा. या कामाची खरी किंमत तेथेच कळते.

बेटावरील लोकांच्या जीवनात मोठे फेरफार झाले. घड्याळे जर्मनीच्या वेळेनुसार लावावी लागली. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने जाऊ लागली. १९४२ च्या जूनमध्ये सर्वांचे रेडिओ जप्त झाले. परंतु बातमीची भूक काही जप्त करता येत नाही! लोकांनी स्फटिकाचे छोटे रेडिओ घरीच बनविले. तारेचे वेटोळे, एक स्फटिक व कानाला लावावयाचे यंत्र एवढीच त्याची सामग्री. त्याला विजेची गरज नसे. कानाचे यंत्र पुष्कळदा सार्वजनिक टेलिफोनमधून काढून आणलेले असे. एडमंड ब्लॅम्पिड या चित्रकाराने तर १९४३ मधील टपाल तिकिटाच्या नक्षीत इंग्लंडच्या राजाची आद्याक्षरे बेमालूम गुंफली.

सर्वच लोक असे धीट नव्हते. शेजाऱ्यांविरुद्ध चहाडीची पत्रे लिहिणारेही तेथे निघाले. लुइझा गूल्ड ही एक विधवा दुकानदारीण होती. तिचा एक मुलगा युद्धात कामी आला होता. जर्मनांच्या हातून निसटलेल्या एका रशियन कैद्याला तिने दीड वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. दुसऱ्या एका आईच्या मुलासाठी आपण काही तरी केलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. चहाडीमुळे १९४४ मध्ये तिला अटक झाली. तो तरुण वाचला. ती मात्र १९४५ मध्ये जर्मनीतील रेव्हन्सब्रुकच्या छळछावणीत मारली गेली.

१९४४ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा आता सुटका झालीच, असे बेटावरील लोकांना वाटले. पण फौजा बेटांना वगळून पुढे गेल्या. फ्रान्समधून येणारे धान्य बंद झाले. जर्मन शिपाई व रहिवासी दोघेही उपाशी राहू लागले. ओकच्या फळांची कॉफी व काटेरी झुडपांच्या पानांचा चहा लोक पूर्वीपासून पीत होतेच. आता भाकरीचीही ददात पडली. अखेर डिसेंबर १९४४ च्या शेवटच्या दिवसांत रेडक्रॉसचे 'व्हेगा' जहाज आले. त्यातील खोक्यांत चॉकलेट, दुधाची भुकटी, चहा व डबाबंद मांस होते. ती खोकी रहिवाशांसाठी होती. भुकेल्या शिपायांना त्यांतून वाटा नव्हता.

९ मे १९४५ रोजी ब्रिटिश सैनिक बंदरात उतरले. रुग्णालय म्हणून सज्ज केलेल्या त्या भुयारात तोपर्यंत लढाईतला एकही जखमी आला नव्हता.